देव आहे का, आणि आपण तो मानू लागतो कसे?

देव आहे की नाही या विषयावर आपल्या मंडळींत जेवढे बोलले जाते, तेवढे क्रिकेटवरही बोलले जात नसेल. मंडळाचा कार्यक्रम संपतो, कोणाच्या तरी घरी जेवणे होतात, मुले आतल्या खोलीत झोपी जातात आणि मग दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘एवढे व्यवस्थित चाललेले विश्व आपोआप कसे होईल?’ दुसरा म्हणतो, ‘मग देवाला कोणी घडवले?’ ‘विज्ञान’ हा शब्द दोघेही सढळ हाताने वापरतात. रात्री दीड वाजता सगळे जण आपापल्या मतासह घरी परततात. अशा वादात एखाद्याचे मत बदललेले मी तरी अजून पाहिलेले नाही.

वादापेक्षा ही गोष्टच मला अधिक विचार करण्याजोगी वाटते. मत जर युक्तिवादाने बदलत नसेल, तर ते मुळात बनले कशाने? म्हणजे प्रश्न एक नसून दोन आहेत. देव आहे का, हा पहिला. माणूस देव मानू लागतो तो कसा, हा दुसरा. आपण नेहमी पहिल्यावर भांडतो, पण घरात मुले वाढत असली की दुसरा अधिक टोचतो. इथल्या शाळेत आपल्या मुलांच्या बाकावर दहा देशांची आणि चार-पाच धर्मांची मुले बसतात. कोणीतरी विचारतेच, ‘तुम्ही किती देव मानता? खरेच मानता?’ संध्याकाळी तोच प्रश्न आपल्यापुढे येऊन उभा राहतो. (या लेखात मी फक्त आपल्या देव्हाऱ्याबद्दल बोलणार आहे. इतरांच्या श्रद्धेची चिकित्सा करण्याचा मला ना अधिकार, ना हौस.)

पहिला प्रश्न आपल्याकडे नवा नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे. हिंदू म्हणजे देव मानणारा, असे आपण गृहीत धरतो. परंतु सांख्यांच्या सूत्रांत ईश्वर सिद्ध होत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. पूर्वमीमांसक तर कर्मकांडाचे कट्टर समर्थक. तरीही यज्ञाचे फळ यज्ञातूनच निर्माण होणाऱ्या ‘अपूर्व’ नावाच्या शक्तीने मिळते, ते द्यायला ईश्वराची गरज नाही, असा त्यांचा सिद्धांत. चार्वाक आणि जैन-बौद्ध यांच्याबद्दल बोलायलाच नको.

ईश्वराच्या बाजूने सर्वांत चिवट लढले ते नैयायिक. दहाव्या शतकात मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ खास याच कामासाठी लिहिला. त्यातला प्रमुख युक्तिवाद आपल्या इंजिनिअर मंडळींना एकदम ओळखीचा वाटेल. घट आहे म्हणजे कुंभार असणार, जग हे कार्य आहे म्हणजे त्याचा कर्ता असणार. यावर प्रतिपक्षाचे आक्षेपही तितकेच पक्के आहेत. आपण पाहिलेल्या प्रत्येक कुंभाराला हातपाय असतात, मग जगाच्या कर्त्याला शरीर आहे काय? आणि मोठा वाडा बांधायला अनेक गवंडी लागतात, मग जगाचा कर्ता एकच कशावरून? मला सर्वांत नवल वाटते ते रामानुजाचार्यांचे. भक्तिमार्गाचा एवढा मोठा आचार्य, पण श्रीभाष्यात त्यांनी हे कुंभाराचे अनुमान स्वतःच खोडून काढले आहे. ईश्वर कळतो तो शास्त्रातून, तर्काने तो सिद्ध होत नाही, अशी त्यांची भूमिका. परमभक्त असूनही त्यांना तो पुरावा लंगडा वाटला.

कुंभाराच्या युक्तिवादाला खरा धक्का बसला तो १८५९ साली, डार्विनच्या ग्रंथाने. आकार आहे म्हणजे आकार देणारा हवाच, हे गृहीतकच त्याने हलवले. माझ्या व्यवसायातले एक उदाहरण देतो. २००६ साली ‘नासा’ने एसटी-५ मोहिमेत तीन छोटे उपग्रह सोडले. त्यांवर वाकवलेल्या पेपरक्लिपसारखा दिसणारा एक अँटेना होता. तो वेडावाकडा आकार कोणा इंजिनिअरने कागदावर काढलेला नव्हता. संगणकाने वाटेल तसे आकार तयार केले, त्यांतले बरे ठेवले, त्यांत थोडे फेरफार केले आणि हे चक्र पिढ्यानपिढ्या चालवले. शेवटी जो उरला तो उत्तम काम करणारा निघाला. यावर श्रद्धावान मित्र लगेच म्हणतील की तो प्रोग्राम तरी माणसानेच लिहिला ना, आणि ‘उत्तम’ म्हणजे काय हेही माणसानेच ठरवले. आक्षेप रास्त आहे. म्हणून मी एवढेच म्हणतो की घटावरून कुंभाराकडे मारलेली उडी आता सरळ राहिलेली नाही. देव असल्याचा एकही पुरावा मला पटलेला नाही. नसल्याचा पुरावाही माझ्याकडे नाही, पण तो देण्याची जबाबदारी माझी आहे असे मला वाटत नाही.

आता दुसरा प्रश्न. २१ सप्टेंबर १९९५ हा दिवस आपल्या पिढीच्या स्मरणात आहे. दिल्लीत पहाटे बातमी सुटली की गणपती दूध पितो आहे. दुपारपर्यंत ती टेलिफोनवरून ब्रिटन, कॅनडा आणि आपल्या अमिरातीपर्यंत पोचली. त्या काळी मोबाइल क्वचितच कोणाकडे होते आणि व्हॉट्सअ‍ॅप तर नव्हतेच, हे ध्यानात घ्यावे. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवले की पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध सोंडेला चिकटते आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळते. दगडाची कोणतीही ओली वस्तू असेच दूध ‘पिते’. पण गंमत पुढेच आहे. त्या दिवशी रांगेत उभे राहिलेले बहुतेक जण आदल्या दिवशीही गणपती मानत होते, आणि शास्त्रज्ञांचा खुलासा वाचूनही त्यांनी गणपती सोडला नाही. चमत्काराने श्रद्धा आली नव्हती, तेव्हा चमत्कार गेल्याने ती जाण्याचे कारणच नव्हते.

महाराष्ट्रात हे नेमके ओळखले ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी. ते आणि डॉ. श्रीराम लागू ‘विवेकजागराचा वाद-संवाद’ हा कार्यक्रम गावोगाव करत. परमेश्वराला आता रिटायर करा, असे डॉ. लागू रोखठोक सांगत. दाभोलकरांची भूमिका निराळी होती: कोणी देव मानला म्हणून आमचा झगडा नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीशी आहे. दोघे हा मतभेद श्रोत्यांपुढे उघड मांडत. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. देव आहे का, हा निव्वळ जेवणानंतरचा विषय नाही, हे त्या दिवशी कळले.

मग श्रद्धा येते कुठून? आगरकरांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ‘देवतोत्पत्ति’ नावाचा निबंध लिहून, देवांच्या कल्पना माणसाच्याच मनात कशा उपजल्या याचा शोध घेतला होता. आजचे मानसशास्त्रज्ञ तोच धागा पुढे नेतात. जस्टिन बॅरेट यांचे म्हणणे असे की आपला मेंदू प्रत्येक हालचालीमागे कोणीतरी ‘कर्ता’ शोधतो. गवत हलले की वारा असेल असे न म्हणता वाघ असेल असे मानणारा पूर्वज वाचला. आपल्या इमारतींतल्या धुराच्या अलार्मसारखेच हे आहे. फोडणीला खोटा वाजला तर चालते, पण आगीला गप्प राहिला तर चालत नाही. म्हणून तो मुद्दामच हळवा ठेवतात.

यावरून ‘कोणीतरी आहे’ ही भावना कळते, पण विठोबाच का, हे कळत नाही. गोष्टीतल्या राक्षसांना आणि कार्टूनमधल्या बोलक्या उंदरांनाही अद्भुत शक्ती असतात. मुलांना ते आवडतात, पण मुले त्यांना हात जोडत नाहीत. जोसेफ हेन्रिक या मानववंशशास्त्रज्ञाने २००९ साली मांडलेले उत्तर मला पटते. मूल मोठ्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या किंमत मोजण्याकडे पाहते. ज्या गोष्टीसाठी आपली माणसे भूक, झोप, पैसा, वेळ खर्च करतात, ती गोष्ट खरी असली पाहिजे असे त्याला वाटते. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. तीन आठवडे पावसात चालणाऱ्या आजोबांना नातवापुढे उदयनाचार्य मांडावे लागत नाहीत.

इथे आपल्या घरांत काय दिसते, ते पाहू. मंदिरांची आज वाण नाही. बर दुबईत खाडीजवळच्या अरुंद गल्लीत १९५८ पासून असलेले शिवमंदिर जानेवारी २०२४ मध्ये तिथून हलले, पण त्याआधीच ऑक्टोबर २०२२ मध्ये जेबेल अलीचे प्रशस्त मंदिर उघडले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अबू धाबीचेही झाले. दर्शनाची वेळ मोबाइलवर नोंदवता येते. गर्दी सांभाळण्याचा उत्तम उपाय, यात शंका नाही. पण मुलाला मंदिर वर्षातून चार वेळा दिसते आणि आईबाप रोज दिसतात. २०१४ ते २०१६ या वर्षांत रमजान ऐन उन्हाळ्यात आला होता. पंधरा तास पाण्याचा थेंबही न घेता काम करणारे सहकारी आपण पाहिले. आपली एकादशी मात्र दुप्पट खाशी! साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, वर शिंगाड्याचा शिरा. हे पाहणाऱ्या मुलाला ‘आपणही मानतो’ असे सांगून भागत नाही. आपण काय मानतो, ते त्याला आधीच समजलेले असते.

नास्तिकांनी यात हसण्यासारखे काही नाही. माझी अश्रद्धा तरी रामानुजांचे खंडन वाचून कुठे आली? ती वसतिगृहात आली. ज्या प्राध्यापकांबद्दल मला आदर होता, ते आईच्या मृत्यूनंतरही आपल्या मताला धरून राहिले. नातेवाइकांचा रोष पत्करून त्यांनी दिवस घातले नाहीत, तेवढी रक्कम एका शाळेला दिली. किंमत मोजलेली मी पाहिली. हेन्रिकचा नियम मलाही लागू पडतो.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. श्रद्धा कशी आली हे कळले म्हणजे ती खोटी ठरली, असे होत नाही. सात आठे छप्पन्न हे मी मास्तरांच्या छडीला भिऊन शिकलो. म्हणून ते चूक ठरत नाही. अश्रद्धेचेही तसेच. पहिला प्रश्न पहिल्याच्याच मैदानात सोडवावा लागतो, आणि तिथे प्रत्येकाला स्वतःच्या डोक्याने खेळावे लागते. घराने द्यायचे असेल तर त्या खेळाला लागणारे सामान द्यावे: सांख्य आणि उदयनही, वारी आणि आगरकरही.

आमच्या घरात पत्नीची श्रद्धा आहे, माझी नाही, आणि दोन्ही गोष्टी मुलीला ठाऊक आहेत. ‘मग तुम्ही आरतीत टाळ्या का वाजवता?’ असे तिने मागच्या गणपतीत विचारले. मला सूर आवडतात, आईचा आनंद आवडतो, आणि लहानपणचा आमचा सगळा वाडा त्या दहा मिनिटांत परत येतो, असे मी सांगितले. ‘म्हणजे देवासाठी नाही,’ ती म्हणाली. नाही, म्हटले. पत्नी निरांजन लावत होती. तिने मध्येच सांगितले, ‘माझं देवासाठीच असतं हं.’ सध्या मखर मुलगी करते, मोदकांना मदत करते, नमस्कार मात्र करत नाही. सांगलीच्या आजीला हे माहीत आहे. मखराचा फोटो अजून का आला नाही, म्हणून तिचा फोन येतोच.