सणानंतरची खंत आणि वजनाचा काटा

वजन कमी करण्याचा निश्चय केलेल्या माणसाकडून एखाद्या दिवशी प्रमाणाबाहेर खाल्ले जाते, तेव्हा त्याच्या शरीरात जे घडते ते तुलनेने किरकोळ असते आणि मनात जे घडते ते बहुधा निर्णायक ठरते. एका जेवणाने आठवड्यांची मेहनत वाया जात नाही; परंतु ती वाया गेली अशी समजूत झाली की तो माणूस पुढचे कित्येक दिवस स्वतःच्या हाताने ती वाया घालवतो. आहारनियंत्रणातील अपयशाचे मूळ पुष्कळदा इच्छाशक्तीच्या अभावात शोधले जाते, पण या विषयावरील संशोधन त्या जेवणानंतर वाटणाऱ्या अपराधीपणाकडे बोट दाखवते.

चेन्नईसारख्या शहरात हा प्रश्न अपवादात्मक नाही, तो पंचांगातच लिहिलेला आहे. जुलैच्या मध्याला सुरू होणाऱ्या आडी महिन्यात देवीच्या देवळांतून नाचणीची आंबील वाटली जाते. त्यामागून पिळ्ळैयार चतुर्थीची कोळुक्कट्टै, म्हणजे उकडीच्या मोदकाचा तमिळ प्रकार, येते. नवरात्रात बाहुल्यांचा गोलू, म्हणजे मांडणी, पाहायला गेल्यावर प्रत्येक घरी सुंडल, म्हणजे खोबरे घातलेली कडधान्याची उसळ, हातावर ठेवली जाते. दिवाळीनंतर कार्तिगै, मग मार्गळी महिन्यातील संगीत सभा आणि त्यांची गर्दीने ओसंडणारी उपाहारगृहे, आणि जानेवारीच्या मध्याला सक्करै पोंगल, म्हणजे गूळ-तुपातला तांदूळ-मुगाचा गोड भात. पिढ्यान्‌पिढ्या येथे असलेल्या तंजावरी मराठी कुटुंबांत किंवा सांगली जिल्ह्यातून सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायासाठी सावकारपेठेत आलेल्या घरांत या यादीला पुरणपोळीची आणि फराळाची जोड मिळते. शिवाय पुरणपोळीची तमिळ आवृत्ती असलेली ‘बोळी’ मांबलमच्या दुकानांत गरम तव्यावरून बारा महिने मिळते. ज्या शहरात भेटल्यावर ‘साप्टाच्चा?’, म्हणजे ‘जेवलात का?’, असे विचारणे हीच विचारपूस असते, तेथे आखलेल्या आहारात सणाचे जेवण धरलेले नसेल, तर चूक जेवणाऱ्याची नसून आखणीची आहे.

प्रथम शरीराचा हिशेब पाहणे आवश्यक आहे, कारण अपराधीपणाला सर्वांत मोठे खाद्य वजनाच्या काट्याकडून मिळते. एक किलो चरबीत साधारणपणे 7,700 कॅलरी ऊर्जा साठलेली असते, असे मानले जाते. सणाच्या दिवशी नेहमीपेक्षा हजार कॅलरी अधिक पोटात गेल्या, तरी त्यातून फार तर सव्वाशे-दीडशे ग्रॅम चरबी तयार होऊ शकते. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी काटा एक-दीड किलोने पुढे सरकलेला दिसतो, आणि त्याचे कारण मुख्यतः पाणी हे असते. पिष्टमय पदार्थांपासून मिळणारी साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत ‘ग्लायकोजेन’ या रूपात साठवते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. कमी जेवणाऱ्या माणसात हा साठा उतरलेला असल्याने भात आणि गोडाच्या जेवणानंतर तो झपाट्याने भरतो. लोणचे, अप्पळम, म्हणजे पापड, आणि वडे यांतील मीठही पाणी रोखून धरते. चार-पाच दिवस नेहमीचा आहार घेतल्यावर यातील बहुतेक भार आपोआप उतरतो, म्हणून सणाच्या दुसऱ्या दिवशी वजन करणे हे स्वतःची दिशाभूल करून घेणे होय.

मनाचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. 1975 साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या संशोधकांनी केलेला प्रयोग या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. त्यांनी विद्यार्थिनींच्या काही गटांना मिल्कशेक प्यायला दिले, एका गटाला काहीच दिले नाही, आणि त्यानंतर चव पाहण्याच्या निमित्ताने सर्वांपुढे आइस्क्रीम ठेवून कोण किती खाते ते मोजले. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर साहजिकच आइस्क्रीम कमी खाल्ले. परंतु वजनाच्या चिंतेने एरवी मोजून खाणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर ते कमी नव्हे तर अधिक खाल्ले, कारण त्या दिवसापुरते बंधन तुटल्यानंतर ते पाळण्यात काही अर्थ उरला नाही, असे त्यांच्या मनाने ठरवले होते. पुढल्याच वर्षी जॅनेट पोलिवी यांनी दाखवून दिले की, यात पोटात प्रत्यक्ष किती कॅलरी गेल्या याला महत्त्व नसते. आपण भरपूर कॅलरींचे काहीतरी खाल्ले, अशी नुसती समजूत करून दिली तरी मोजून खाणारी माणसे पुढे अधिक खातात. सगळे नुकसान आधीच्या घासात नसून त्याला दिलेल्या अर्थात आहे, हे सिद्ध करणारा याहून स्वच्छ पुरावा सापडणे कठीण आहे.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी 1985 साली ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात याच प्रक्रियेचे विस्ताराने वर्णन केले. निग्रह एकदा ढळणे आणि जुन्या सवयीत पूर्णपणे परतणे या दोन भिन्न घटना असून पहिलीतून दुसरी आपोआप निघत नाही. त्या दोहोंना जोडणारा पूल अपराधीपणाचा आणि ‘माझ्यातच काही दम नाही’ या निष्कर्षाचा असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. नियम जितका कडक आणि निरपवाद, तितका हा पूल मजबूत. ‘साखर पूर्ण बंद’ असा नियम एका जिलेबीने मोडतो, ‘गोड आठवड्यातून दोनदा’ असा नियम मोडायला बराच प्रयत्न करावा लागतो.

येथे भारतीय घरांतील एक विशेष अडचण लक्षात घ्यावी लागते. वजन कमी करण्याच्या आहाराकडे नकळत व्रत म्हणून पाहिले जाते, म्हणून तो चुकला की व्रतभंगाची भावना दाटून येते आणि दुसऱ्या दिवशी उपवासाचे प्रायश्चित्त घेतले जाते. वस्तुतः परंपरेतील व्रतांची रचना यापेक्षा पुष्कळ शहाणी आहे. वैकुंठ एकादशीला निर्जळी उपवास करणाऱ्या तमिळ वैष्णव घरांत द्वादशीचे पारणे ठरलेले असते आणि त्यात हदग्याचा पाला व आवळा आवर्जून असतो. उपवास संपण्याची वेळ, पद्धत आणि पदार्थ हे उपवासाइतकेच काटेकोर असतात. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर मिठाईला हात लावण्यापूर्वी तमिळ घरांत ‘दीपावळी लेगियम’ चाटवले जाते. सुंठ, ओवा, मिरी, पिंपळी, गूळ आणि तूप एकत्र आटवून केलेल्या या अवलेहाला घरोघरी ‘मरुंदु’, म्हणजे औषध, म्हणतात. त्याने कॅलरी कमी होत नाहीत आणि वजनही घटत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पण आज अधिक खाल्ले जाणार, हे गृहीत धरून घरातली ज्येष्ठ स्त्री आधीच पचनाची तरतूद करते आणि खाणाऱ्याला दोष देत नाही, ही दृष्टी आजच्या पुष्कळ आहारतक्त्यांत अभावानेच आढळते.

खंत आणि शरम यांतील भेदही येथे उपयोगाचा आहे. मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांच्या संशोधनानुसार खंत ही कृतीबद्दल असते आणि ती माणसाला दुरुस्तीकडे नेऊ शकते. शरम ही स्वतःबद्दल असते आणि ती लपवाछपवीकडे नेते. ‘आज पायसम तीनदा घेतले, ते जास्त झाले’ ही खंत आहे. ‘मी अशीच हावरट आहे’ ही शरम आहे, आणि तिच्या पाठोपाठ रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्याने खाणे येते. आपल्या कुटुंबांत ही शरम बहुतेक वेळा बाहेरून पुरवली जाते. ‘एवढंच? अजून एक घे की’ असा आग्रह करणारी आणि महिन्याभराने ‘किती जाड झालीस गं’ असे चारचौघांत म्हणणारी व्यक्ती अनेकदा एकच असते, आणि या दोन्ही वाक्यांचा मारा मुलींवर व सुनांवर सर्वाधिक होतो. यात गंमत काहीच नाही. हा थट्टेच्या आवरणातला छळ आहे आणि तो थांबवणे ही घरातल्या मोठ्यांची जबाबदारी आहे.

या सगळ्याला चेन्नईतच झालेल्या एका कामाने मोठा आधार मिळतो. मधुमेहतज्ज्ञ डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या ‘इंडियन डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम’ या अभ्यासाचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 531 मध्यमवयीन व्यक्तींचे चार गट पाडण्यात आले: एकाला सर्वसाधारण सल्ला, दुसऱ्याला आहार-व्यायामाचे मार्गदर्शन, तिसऱ्याला मेटफॉर्मिन हे औषध आणि चौथ्याला मार्गदर्शन व औषध दोन्ही. मार्गदर्शन अगदी साधे होते: रोज किमान अर्धा तास भरभर चालणे, साखर व मैद्यासारखे पदार्थ आणि स्निग्धांश कमी करणे, तंतुमय अन्न वाढवणे. तीन वर्षांत पहिल्या गटातील 55 टक्के लोकांना मधुमेह झाला, तर आहार-व्यायामाच्या गटात हे प्रमाण 39.3 टक्के राहिले, म्हणजे धोका 28.5 टक्क्यांनी घटला.

या अभ्यासातील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र निराळीच आहे: हा लाभ मिळालेल्या लोकांचे वजन लक्षणीय असे कमी झालेच नव्हते. काटा जवळजवळ तेथेच राहिला आणि आजार दूर राहिला. शिवाय तीन वर्षांच्या काळात तीन दिवाळ्या आणि तीन पोंगल येतात. त्या दिवसांत ही माणसे कुटुंबाबरोबर जेवलीच असणार, आणि तरीही बाकीच्या दिवसांतल्या चालण्या-खाण्याने त्यांना तारले. याच संशोधकांच्या गटाने पुढे नोकरदार पुरुषांना मोबाइलवर नियमित संदेश पाठवून केलेला अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत संदेश मिळालेल्यांपैकी 18 टक्क्यांना आणि न मिळालेल्यांपैकी 27 टक्क्यांना मधुमेह झाला. ज्या शहरातील पुराव्यानुसार काट्यावरचा आकडा हा आरोग्याचा एकमेव साक्षीदार नाही, त्या शहरात सणाच्या दुसऱ्या दिवशीच्या काट्याने कुणाचा दिवस काळवंडावा, हे खेदजनक आहे. कमरेचा घेर महिन्यातून एकदा मोजणे अधिक उपयुक्त ठरते. भारतीयांसाठी तो पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत असावा, असा संकेत आहे.

प्रमाणाबाहेर खाल्ल्यानंतर नेमके काय करावे, याचे उत्तर म्हणूनच नीरस वाटेल इतके साधे आहे: पुढचे जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीच्या प्रमाणात घ्यावे. सकाळी दोन-तीन इडल्या आणि सांबार हा न्याहारीचा क्रम असेल तर तोच ठेवावा, रोजचे चालणे तेवढेच करावे आणि वजन आठवड्याने पाहावे. जेवण टाळून, नुसत्या रसावर राहून किंवा दुप्पट व्यायाम करून भरपाई करू नये, कारण उपाशी शरीर संध्याकाळी पुन्हा प्रमाणाबाहेर खायला लावते आणि चक्र नव्याने सुरू होते. मधुमेहाच्या रुग्णांसाठी तर ही भरपाई धोक्याची आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि चेन्नईचे मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशन यांच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत. त्यांपैकी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याने जेवण टाळल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

स्वतःशी मायेने वागल्यास माणूस सैल सुटेल, ही भीती अनेकांना वाटते, आणि तिचे उत्तर प्रयोगातूनच मिळते. 2007 साली क्लेअर ॲडम्स आणि मार्क लिअरी यांनी विद्यार्थिनींना डोनट खाऊ घातले आणि त्यांच्यापैकी काहींना सांगितले की, असे कधी ना कधी सगळेच खातात, त्यासाठी स्वतःला बोल लावू नये. त्यानंतर समोर ठेवलेली मिठाई, खाण्यावर एरवी बंधन घालणाऱ्या आणि हे दोन शब्द ऐकलेल्या मुलींनी, तशाच पण ते न ऐकलेल्या मुलींपेक्षा कमी खाल्ली. मोठ्या माणसाने जवळच्याला सहज सांगावे, एवढेच ते वाक्य होते. ते घरात कुणी म्हणत नसेल, तर स्वतःच स्वतःला म्हणावे.

या उपायांची मर्यादाही सांगणे प्राप्त आहे. खाण्यावरचा ताबा सुटून थोड्या वेळात पुष्कळ खाल्ले जाणे, तेही आठवड्यातून किमान एकदा आणि तीन महिन्यांहून अधिक काळ घडत असेल, आणि त्यामागोमाग तीव्र अस्वस्थता येत असेल, तर तो सणाचा प्रश्न उरत नाही. ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ हा स्वतंत्र विकार म्हणून 2013 पासून अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात नोंदलेला आहे. खाल्लेले उलटी करून काढणे किंवा जुलाबाची औषधे घेणे हे त्याहून गंभीर लक्षण असून त्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे विनाविलंब जावे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा निःशुल्क क्रमांक त्यासाठी अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. अशा रुग्णाचे उपचार सुरू असताना वजन कमी करण्याचा आहार सहसा बाजूला ठेवला जातो, आणि दिवसातून तीन जेवणे व दोन-तीन वेळा थोडेसे खाणे, ठरल्या वेळी आणि न चुकवता, ही पहिली पायरी मानली जाते.