जॅक्सनव्हिलच्या दोनशे फेऱ्या

लंबगोल धावपट्टीवरच्या मोटारशर्यतीत कोण पुढे आहे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. शंकरपटात बैल सरळ धावतात; निकाल काठावरच्या पोरालाही दिसतो. इथे धावपट्टी अर्ध्या मैलाची आणि एक फेरी जेमतेम अर्ध्या मिनिटाची. थोड्याच वेळात वेगवान गाड्या संथ गाड्यांना मागून गाठतात, ओलांडतात, पुन्हा गाठतात. मग जी गाडी मागे दिसते ती प्रत्यक्षात दोन फेऱ्या पुढे असू शकते. निकाल शेवटी मोजणीदाराच्या कागदावर लागतो.

१ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, जॅक्सनव्हिलच्या स्पीडवे पार्क या मातीच्या धावपट्टीवर झालेली शर्यत मला या कागदासाठीच महत्त्वाची वाटते. ‘स्टॉक कार’ म्हणजे मुळात सामान्य गिऱ्हाइकासाठी कारखान्यातून बाहेर पडलेली आणि मग शर्यतीसाठी मजबूत केलेली गाडी. नॅस्कार या संस्थेच्या ‘ग्रँड नॅशनल’ या वरिष्ठ मालिकेतली ही शर्यत २०० फेऱ्यांची, म्हणजे १०० मैलांची होती.

तिच्यात वेंडेल स्कॉट हे कृष्णवर्णीय चालक होते. व्हर्जिनियातील डॅनव्हिलचे स्कॉट दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते. पुढे ते मोटार-मेकॅनिक झाले आणि चोरट्या दारूची वाहतूकही करू लागले. या धंद्यात पोलिसांच्या हातून निसटायचे तर गाडीही पळती हवी आणि हातही. १९५० नंतरच्या सुमारास स्थानिक शर्यतींच्या आयोजकांना गर्दी खेचण्यासाठी एखादा कृष्णवर्णीय चालक हवा होता. त्यांनी पोलिसांकडे चौकशी केली, तेव्हा पोलिसांनीच स्कॉट यांचे नाव सुचवले! जॅक्सनव्हिलला ते आले तेव्हा चालकही तेच आणि मुख्य मेकॅनिकही तेच. गाडी नेड जॅरेट या चालकाकडून विकत घेतलेली शेव्हरोले.

शेवटच्या पंचवीस फेऱ्या उरल्या असताना स्कॉट यांनी रिचर्ड पेटी यांची नादुरुस्त झालेली गाडी मागे टाकली. दोनशेवी फेरी झाली, तरी चौकड्यांचा झेंडा हलला नाही. स्कॉट धावत राहिले. झेंडा पडला तो बक बेकर यांच्यासाठी, आणि विजेत्याचा चषक त्यांच्याच हाती गेला. स्कॉट यांनी मोजणी तपासण्याची मागणी केली. काही तासांनी निष्पन्न झाले की बेकर यांच्या २०० फेऱ्या झाल्या तेव्हा स्कॉट यांच्या २०२ झाल्या होत्या.

त्या काळी प्रत्येक गाडीमागे एक मोजणीदार असे. आपली गाडी समोरून गेली की तो घड्याळात पाहून वेळ टिपून ठेवी. धुळीत, गोंगाटात चुका होत. जून १९५९ मध्ये अटलांटाच्या लेकवुड धावपट्टीवर याच रिचर्ड पेटी यांना विजयी घोषित केले गेले होते. मोजणीवर आक्षेप आला आणि निकाल फिरला. आक्षेप घेणारे होते त्यांचे वडील, ली पेटी. तेव्हा निकाल चुकला एवढ्यावरून कुणाच्या हेतूबद्दल मी काही म्हणणार नाही.

मला खटकते ते त्यापुढचे. त्या काळी चषक देताना एखादी सौंदर्यवती विजेत्याचे चुंबन घेई. अमेरिकेचा नागरी हक्क कायदा व्हायला अजून सात महिने होते. गोऱ्या तरुणीने कृष्णवर्णीय विजेत्याचे चुंबन घ्यावे हे भर गर्दीपुढे आयोजकांना नको होते, असे स्कॉट यांचे म्हणणे होते. ते मला पटते. कारण चूक मान्य झाली ती प्रेक्षक घरी गेल्यावर. बक्षिसाची रक्कम मिळाली, खरा चषक मात्र परत आला नाही. पुढे स्कॉट यांच्या हाती पडला तो एक साधा लाकडी चषक. मोजणीतली चूक दुरुस्त करायला काही तास पुरले. चषकाच्या बाबतीत कोणती मोजणी आड येत होती?

विक्रमांच्या नोंदीत ही शर्यत १९६४ च्या हंगामात मोडते, आणि विजेता म्हणून तिथे स्कॉट यांचेच नाव आहे. १९७३ मध्ये टॅलाडेगाला झालेल्या अपघाताने त्यांची कारकीर्द जवळपास संपवली. ४९५ शर्यतींत त्यांचा हा एकच विजय. १९९० च्या डिसेंबरात ते वारले. नॅस्कारने त्यांच्या कुटुंबाच्या हाती या शर्यतीचा चषक दिला, तो ऑगस्ट २०२१ मध्ये, डेटोनाला.