विश्लेषण : उपग्रहाला बीडची घरे दिसतात, माणसे कशी मोजणार?

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाची वाट धरतात. गाळप हंगाम संपल्यावरच ते परततात. जनगणनेची मोजणी मात्र फेब्रुवारीत होते. २०११ मध्ये तशीच झाली. मग जिल्ह्यात नेमके किती लोक, केव्हा असतात, हे कसे समजणार?

उपग्रह काय सांगतो?
युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रे मोफत मिळतात. त्यातील एक ठिपका म्हणजे जमिनीवरील १० मीटर. वस्ती कोणत्या दिशेला वाढली, हे त्यातून कळते. घरात माणसे आहेत की दाराला कुलूप, हे कळत नाही. रात्रीचा उजेड थोडी मदत करतो. नायजरमधील शहरांची हंगामी गर्दी आणि गोवरची साथ यांचा संबंध संशोधकांनी २०११ मध्ये अशाच उजेडावरून दाखवला होता.

समाजमाध्यमांची भर कोणती?
ठिकाणाची नोंद असलेल्या पोस्ट, नावे वगळून एकत्र केल्या, की लोक कुठे आणि केव्हा जमतात याचा अंदाज येतो. हा थर उपग्रहाच्या नकाशावर ठेवला, की घरांसोबत वर्दळही दिसते.

मर्यादा काय?
ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, तो या नकाशात नाही. फडाजवळच्या कोपीतला मिणमिणता दिवाही उपग्रहाच्या नजरेतून सुटतो. म्हणजे ज्यांच्या रेशनचा, लसीकरणाचा आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न आहे, तेच दोन्हीकडे गळतात. त्यामुळे गावात ठेवलेली स्थलांतरितांची नोंद जोडल्याशिवाय हा नकाशा अपुराच.