फ्लोराइडमुळे टायटॅनियमचा दात गंजतो का?

टेंभुर्णी : जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू रोवून त्यावर कृत्रिम दात बसविण्याचा उपचार आता महानगरांपुरता राहिलेला नाही. टेंभुर्णी परिसरातील रुग्ण पुण्या-सोलापुरात जाऊन असा दात बसवून आला, तरी पुढची देखभाल गावातच व्हायची असते. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने हा महागडा दात गंजेल काय, ही शंका येते ती येथेच.

टायटॅनियम गंजतच नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. हा धातू मुळात अतिशय क्रियाशील. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा थर चढतो आणि तोच त्याचे कवच ठरतो. स्वीडनचे डॉ. ब्रोनमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर हे रोपण केले, तेही या कवचाच्याच भरवशावर.

एकटे फ्लोराइड या कवचाचे फारसे बिघडवीत नाही. त्याला आम्लाची जोड मिळाली, की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते व ते ऑक्साइड विरघळविते. जपानी संशोधकांच्या १९९९ मधील प्रयोगांत ही धोक्याची पातळी दहा लाख भागांत सुमारे ३० भाग इतकी आढळली. टूथपेस्टमध्ये साधारण १,००० भाग फ्लोराइड असते. पण ती आम्लधर्मी नसल्यास त्यातून हे आम्ल एक भागही होत नाही. तेव्हा टूथपेस्ट सोडून मिश्रीकडे वळण्याचे काहीच कारण नाही!

खरी सावधगिरी हवी ती दवाखान्यात. दात किडू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या आम्लयुक्त फ्लोराइड जेलमध्ये १२,३०० भाग फ्लोराइड असते आणि त्याचा सामू साडेतीनच्या आसपास असतो. तेथे ही मर्यादा कित्येक पटींनी ओलांडली जाते. हिरडी उतरून स्क्रूचा भाग उघडा पडला असेल, तर त्याचा पृष्ठभाग खडबडीत होतो व त्यावर जंतूंचा थर साचू लागतो. म्हणून तोंडात टायटॅनियम असल्याचे दंतवैद्यांना आधीच सांगावे. त्यांच्याकडे आम्लरहित सोडियम फ्लोराइड जेलचा पर्याय असतो.

विंधनविहिरीच्या पाण्याविषयीही असेच विचारले जाते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही फ्लोराइडची कमाल मर्यादा आहे. ती ओलांडल्यास वाढत्या वयातील मुलांच्या दातांवर डाग पडतात. टायटॅनियमला मात्र एवढ्याने धक्का लागत नाही.

वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी बसविलेल्या निकेल-टायटॅनियमच्या तारा याहून नाजूक. आम्लयुक्त फ्लोराइडमध्ये त्या हायड्रोजन शोषून ठिसूळ होतात व तुटू शकतात.