गिटारवरील बरोक संगीत

यूरोपीय संगीताच्या इतिहासात सु. १६०० ते १७५० हा कालखंड ‘बरोक’ या नावाने ओळखला जातो. या काळातील रचना सहा तारांच्या आधुनिक अभिजात गिटारवर वाजविण्याची परंपरा विसाव्या शतकात दृढमूल झाली. या संगीताचे लेखन पुष्कळदा त्रोटक असते. गती, नादाचे चढउतार आणि अलंकरण यांचा बराचसा भाग रचनाकाराने वादकावर सोपविलेला असतो. वि. ना. भातखंडे यांच्या स्वरलिपीत छापलेली बंदिश हा जसा रागगायनाचा सांगाडा असतो, तसेच काहीसे हे आहे. मात्र येथे वादकाचे स्वातंत्र्य मर्यादित असते. मंद्र स्वरांची धारा आणि स्वरसंहती रचनाकाराने आधीच ठरविलेली असल्यामुळे प्रत्येक अलंकार त्यांच्याशी सुसंगत असावा लागतो.

वाद्य व रचना : बरोक काळातील गिटार आकाराने लहान असून तीस आतड्याच्या तारांच्या पाच जोड्या असत, पहिली तार बहुधा एकेरी असे. तिचे संगीत टॅब्लेचर पद्धतीने लिहीत. या पद्धतीत रेषा तारांच्या आणि अंक किंवा अक्षरे पडद्यांच्या निदर्शक असतात. स्पेनमधील गास्पार सान्स याने १६७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गिटारवादनविषयक ग्रंथात, नाजूक वादनासाठी चौथी व पाचवी जोडीही वरच्या सप्तकात मिळविण्याची शिफारस केली आहे. त्यामुळे एका सुरावटीचे स्वर निरनिराळ्या तारांवर वाजून घंटानादाप्रमाणे परस्परांत मिसळत. तेच स्वर आधुनिक गिटारच्या त्याच तारांवर वाजविल्यास काही स्वर एक सप्तक खाली जातात व सुरावट तुटते. म्हणून त्यांची मांडणी नव्याने करावी लागते. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या दरबारातील रॉबेअर द व्हिझे याची गिटारविषयक पुस्तके १६८२ व १६८६ मध्ये प्रसिद्ध झाली.

योहान सेबास्टिआन बाख (१६८५–१७५०) याने गिटारसाठी एकही रचना केली नाही. ल्यूटसाठीच्या मानल्या जाणाऱ्या, तसेच व्हायोलिन व चेलो यांच्यासाठी लिहिलेल्या त्याच्या एकल रचना रूपांतर करून वाजवितात. आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) याने १९३५ मध्ये पॅरिस येथे व्हायोलिनसाठीच्या ‘शाकोन’चे गिटारवर केलेले वादन या दृष्टीने महत्त्वाचे ठरले.

अर्थनिर्णय : क्वांट्स (१७५२) आणि कार्ल फिलिप एमानुएल बाख (१७५३) यांच्या ग्रंथांतून अलंकरणाचे नियम कळतात. कंपस्वर सामान्यतः मुख्य स्वराच्या वरच्या स्वरापासून आणि नेमका मात्रेवर सुरू करतात. अपॉजातुरा हा अलंकार लेखनात आपल्याकडील कणस्वरासारखा दिसतो. परंतु कणस्वर निसटता असतो, तर दीर्घ अपॉजातुरा मात्रेवर जोर घेऊन मुख्य स्वराचा निम्मा काळ व्यापतो. फ्रेंच शैलीत समान कालमूल्याचे लिहिलेले लागोपाठचे स्वर पुष्कळदा दीर्घ-ऱ्हस्व असे वाजवितात. अनेक रचना नृत्यांवर आधारलेल्या आहेत. साराबांद हे नृत्य तीन मात्रांचे व संथ असून त्याच्या दुसऱ्या मात्रेला बहुधा वजन असते; हे वजन हरवल्यास स्वर अचूक असूनही रचनेचे स्वरूप बिघडते.

अभ्यासपद्धती : प्रथम अलंकार वगळून रचना संथ गतीने वाजवावी व मंद्र स्वरांची धारा स्वतंत्रपणे गाऊन पाहावी. गिटारच्या मोकळ्या मंद्र तारा दीर्घकाळ निनादतात. स्वरसंहती बदलताच त्या अंगठ्याने थांबविल्या नाहीत, तर आधीचा स्वर पुढच्यात मिसळून विसंवाद उत्पन्न होतो. कंपस्वर लगतच्या दोन तारांवर वाजविल्यास तो हार्प्सिकॉर्डसारखा स्पष्ट उमटतो. पुनरावृत्त भाग प्रथम साधा व दुसऱ्या वेळी अलंकृत करण्याचा प्रघात आहे.

भारतात रागसंगीतासाठी रूढ झालेली, तारांवरून धातूची पट्टी फिरवून वाजविली जाणारी गिटार याहून निराळी आहे. मींड हा तिचा प्राण. बरोक रचनांत मात्र पडद्यांवरील स्वर सुटे व स्वच्छ लागतात. गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांतून पोर्तुगीज अमदानीत पाश्चात्त्य स्वरलेखनाचे वाचन शिकविले जाई. तेथे घडलेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांना बळ दिले. परंतु वाचनाचे कौशल्य ही केवळ पहिली पायरी होय. मुंबईत असो वा जळगाव-धुळ्यात, शिक्षकावाचून छापील प्रतीवर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याने तीतील अंगुलिन्यास, जोरदर्शक खुणा व गतिनिर्देश यांतील कोणते रचनाकाराचे व कोणते संपादकाचे, हे आधी तपासावे. संपादकाची सूचना हा एका जाणकाराचा अभिप्राय असतो. तो पारखून घेण्यातच वादकाच्या स्वतंत्र अर्थनिर्णयाचा आरंभ होतो.