दोन कपाटांचा जीर्णोद्धार

संस्कृतात ‘कपाट’ म्हणजे दार. मराठीने तो शब्द आलमारीकडे वळविला. मोटारीचे दार मात्र दोन्ही अर्थांनी कपाट आहे. बाहेर पत्रा, आत पत्रा, मध्ये काच खालीवर करणाऱ्या यंत्राची पोकळी आणि बसणाऱ्याच्या अंगास पत्रा लागू नये म्हणून रेक्झिनने मढविलेला पुठ्ठा. कारागीर यास ‘पॅड’ म्हणतात. चोपड्यास आमच्या घरी असलेल्या विलीज स्टेशन वॅगनची अशी दोन पॅडे बदलण्यास आम्हांस दोन पावसाळे लागले.

ही गाडी अमेरिकेत विलीज-ओव्हरलँड कंपनीने १९४६ साली काढली. तत्पूर्वी अशा गाड्यांची अंगे बहुधा लाकडी असत. ब्रूक्स स्टीव्हन्स या रचनाकाराने हिला पोलादी अंग दिले आणि लोकांची लाकडाची हौस फिटावी म्हणून वर फळ्यांचा भास होईलसा रंग चढविला! आमच्या दादांनी १९८२ साली ती जुनी विकत घेतली. दादा २०१९ साली गेले. गाडी भंगारात द्यावी असे पुतण्यांचे मत पडले. त्यांचा हिशेब चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. वहिनी एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, द्यायची तर द्या. पण त्याआधी एकदा उनपदेवाला जाऊन येऊ. दाराला कोपर टेकला की भुगा पातळाला लागतो, तेवढा बंद करा.”

प्रथम आम्ही मुंबईस कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. एका दुकानदाराने ‘अस्सल जीपची’ म्हणून दोन पॅडे गळ्यात बांधली. घरी आल्यावर ती कोठेच बसेनात. युद्धातल्या मूळ जीपला दारेच नव्हती, हे पैसे मोजण्यापूर्वी आठवावयास हवे होते.

तेव्हा गावातल्याच कुशनवाल्याकडे काम दिले. जुने पॅड फुगून आकार सोडून बसले होते. म्हणून त्यावरून माप न घेता दारावरच कागद धरून नमुना कापला. तीन मिलिमीटरचे हार्डबोर्ड आणले. १९२४ साली अमेरिकेत विल्यम मेसन याने शोधलेला हा पदार्थ. लाकडाचे तंतू वाफेने सुटे करून उष्णतेने दाबावयाचे. लाकडातलेच लिग्निन त्यांस बांधून ठेवते. उन्हात तो बरा टिकतो, पाण्यापुढे मात्र त्याचे काही चालत नाही. २०२१ च्या जूनमध्ये बसविलेली पॅडे भाद्रपदात खालच्या कडेस पापडासारखी वळली.

आम्ही कारागिरास दोष देण्याच्या बेतात होतो. तो पॅड उतरवून म्हणाला, “सर, हात घालून बघा.” दारात चिखल होता. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दारात उतरणारच. ते तळच्या भोकांतून गळून जावे अशी मूळ योजना असते. खानदेशच्या धुळीने आमची भोके बुजलेली! शिवाय आतल्या पत्र्यावर पूर्वी असलेल्या डांबरी कागदाचे चारच तुकडे उरले होते. कधीतरी काच दुरुस्त करताना कोणी तो फाडला असावा. पॅड बदलले, रोग तसाच राहिला होता.

दुसऱ्या खेपेस वहिनींच्या विणकामाच्या सुईने भोके मोकळी केली. आतल्या पत्र्यावर जाड प्लॅस्टिक चिकटवून त्याची खालची कड दाराच्या पोकळीत सोडली, जेणेकरून पाणी आतच पडावे. रेक्झिन चढविण्यापूर्वी हार्डबोर्डच्या पाठीस, कडांस आणि प्रत्येक भोकाच्या काठास तेलरंगाचे दोन हात दिले. (कडा विसरल्यास पाठ रंगविणे व्यर्थ.) मग काचेवर तांब्याभर पाणी ओतून ते तळाशी गळताना पाहिले.

मध्यंतरी एका पुतण्याने ‘व्हिंटेज’ नोंदणी सुचविली. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये तसे नियम केले आहेत. सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, ही अट. पॅडांची तीत आडकाठी नाही. परंतु अशी गाडी प्रदर्शन, मोटारमेळा, इंधन, दुरुस्ती अशा कामांखेरीज रस्त्यावर काढता येत नाही. उनपदेव यांत बसेना. यास्तव साधी नोंदणीच पाच वर्षांसाठी वाढवून घेतली.

२०२२ च्या श्रावणात निघालो. अडावदच्या अलीकडे पाऊस लागला. आम्ही काच वर घेण्यास सांगितले. वहिनी दारावर कोपर टेकून बसल्या होत्या; म्हणाल्या, “राहू द्या, भाऊजी. अर्धी उघडी राहू द्या.”