आईच्या रकान्यातील दोन शब्द

दिल्लीच्या काश्मिरी दरवाजाजवळील सेंट जेम्स चर्च १८३६ साली उपासनेसाठी खुले झाले. ते बांधविणारा कर्नल जेम्स स्किनर तेथेच चिरनिद्रा घेत आहे. मराठ्यांच्या इतिहासातही त्याला स्थान आहे. महादजी शिंद्यांसाठी द बॉयने याने उभारलेल्या कवायती फौजेत त्याची उमेदवारी झाली आणि १८०३ मध्ये, दुसरे इंग्रज-मराठा युद्ध पेटल्यावर, तो इंग्रजांकडे गेला. शिंद्यांची चाकरी पत्करण्यामागे कारण होते. हिंदी मातांच्या पुत्रांना कंपनीने १७९१ मध्येच आपली लष्करी व मुलकी अधिकारपदे नाकारली होती. स्किनरचे वडील स्कॉटिश अधिकारी; त्यांचे हर्क्युलिस हे नाव सहज सापडते. आई मात्र बहुतेक ठिकाणी 'राजपूत स्त्री' एवढीच उरते.

एका जुन्या सहकाऱ्याला वंशावळ शोधण्यास मदत करताना मला हे वारंवार आठवले. त्याचे घराणे तीन पिढ्या रेल्वेत. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या नकला तिन्ही इलाख्यांतून लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत असून बऱ्याचशा संगणकावर पाहता येतात. त्यांच्या आधारे पणजोबांपर्यंत आम्ही सहज पोहोचलो, त्यांच्या आजोबांपर्यंत कष्टाने. (इंग्रज कारकुनाचे अक्षर आपल्या पटवाऱ्याहून वाईट असू शकते, हे नव्याने कळले.) मेरठमधील त्या शेवटच्या नोंदीत मुलाचे नाव, बापाचे नाव, हुद्दा, पलटण, सारे आहे. आईच्या रकान्यात 'एतद्देशीय स्त्री'.

हाच दृष्टिकोन १९३५ च्या कायद्यातून आपल्या संविधानात उतरला. अनुच्छेद ३६६(२) नुसार अँग्लो-इंडियन व्यक्तीचा पिता किंवा पुरुषपरंपरेतील पूर्वज युरोपीय वंशाचा असावा लागतो. सहकाऱ्याच्या बहिणीने पंजाबी गृहस्थाशी विवाह केला. एकाच आजीची नातवंडे. पण भावाची मुले व्याख्येत बसतात, बहिणीची बसत नाहीत. लोकसभेतील दोन नियुक्त जागा १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर जानेवारी २०२० मध्ये संपुष्टात आल्या. त्या चर्चेत सरकारने २०११ च्या जनगणनेतील २९६ हा आकडा दिला होता. जागा ठेवाव्यात की नाही, यावर मतभेद असू शकतात. मात्र ज्याने आयुष्यभर सरकारी तक्ते भरले, त्या माझ्यासारख्याला तो आकडा मान्य होणे अशक्य आहे. सर्वसंमत गणती नसताना त्यावर घटनात्मक तरतूद बेतणे मला घाईचे वाटले.

सहकारी येत्या हिवाळ्यात मेरठला जाणार आहे. लंडनला गेली ती नक्कल. मूळ पुस्तक चर्चमध्ये शिल्लक असेल, तर त्यात तिचे नाव असू शकेल.